महाराष्ट्राचं झाकण

ट्यूबचा स्टार्टर कानाशी नेऊन हलवला, तर आत काहीतरी खुळखुळलं... म्हणजे हाही गेला. अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची डबी, बुडाला दोन पितळी टिकल्या — आणि आज दुपारी संबंध विदर्भाची अब्रू हिच्यावर टांगलेली असणार, असं गोरक्षच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. हल्ली त्याला अशाच गोष्टींनी बरं वाटायचं. डबी त्याने पुन्हा खाचेत बसवून पिळली. ट्यूब दोन्ही टोकांना तांबूस झाली, दोनदा डोळे मिचकावले, आणि एखादा प्राध्यापक प्रश्न ऐकून घेऊन घड्याळाकडे बघतो तशी गप्प झाली.

समोर महाराष्ट्र पसरला होता. काचेचा. लोखंडी अँगलच्या चौकटीतला, दोन बाजा टोकाला टोक लावून ठेवाव्यात एवढा लांब, हातभर खोल आणि काठोकाठ समुद्राच्या पाण्याने भरलेला — म्हणजे खऱ्या महाराष्ट्राला जो समुद्र बाहेरून लागतो तो इथे आत होता आणि बाहेर चहूकडे कोरडी शहाबादी फरशी. या बाबीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या पुंजाराम फिटरने तो शाळेतल्या नकाशावरून केला होता. पुंजारामला वळणांचा कंटाळा, म्हणून कोकणचा किनारा त्याने एका सरळ पट्टीत उरकला; गोवा नेमका कुठे सुरू होतो ते न समजल्यामुळे थोडा घेऊनच टाकला; आणि पूर्वेला काच कमी पडली तेव्हा चांद्याचा कोपरा आत दुमडून पुटी थापली. एवढं करूनही महाराष्ट्र महाराष्ट्रासारखा दिसत होता, हेच त्यातलं सगळ्यात संतापजनक.

कल्पना आप्पासाहेबांची. आप्पासाहेब म्हणजे कारखान्याचे चेअरमन, कॉलेजचे अध्यक्ष, आणि श्रीगोंदा तालुक्यात आणखी जे काही अध्यक्षाविना उघडं पडलं असेल त्याचेही. मुंबईला मत्स्यालय बघून आले आणि जीवशास्त्राच्या नव्या हॉलमध्ये आपलंही एक पाहिजे म्हणाले — पण मासे नकोत, मासे काय गोदावरीत पण हायेत, पवळं पायजे. जित्तं पवळं. आणि आकार महाराष्ट्राचा, कारण उद्घाटन महाराष्ट्र दिनाला.

जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर एकच होता, तोही तात्पुरता. गोरक्षनाथ, वय तेवीस, बी. एस्सी. सेकंड क्लास, दर जूनला नवा अर्ज. आज भाषणात आप्पासाहेब त्याला कायम केल्याचं जाहीर करणार होते. "फक्त विदर्भ पेटला पाहिजे," प्राचार्य धोंगडे काल म्हणाले होते, "प्रमुख पाहुणे नागपूरकडचे आहेत. बाकी महाराष्ट्र लखलखतोय आणि विदर्भात अंधार — काय अर्थ निघेल, गोरक्षनाथ? अहो, राजकीय अर्थ निघेल."

राजकीय अर्थ! दोन रुपड्यांच्या स्टार्टरातून निघणारा... आणि हा माणूस वनस्पतिशास्त्रात डॉक्टर होता.

उजेडाचं खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते त्याने तीनदा, तीन निरनिराळ्या माणसांना, सावकाश समजावून सांगितलं होतं. पोवळ्याला डोक्यावर ऊन लागतं. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते शेवाळ उजेडावर अन्न करतं आणि त्या अन्नावर पोवळं जगतं. समुद्रात वर सूर्य असतो. हॉलमध्ये सूर्य नव्हता, म्हणून पत्र्याचं एक मोठं झाकण करून त्याच्या पोटात ट्यूबलाइट ओळीने बसवायचे आणि ते टाकीवर ठेवायचं, पाण्याच्या अगदी जवळ. साधी गोष्ट. पण झाकण ठेवलं की वरून महाराष्ट्र दिसेना. आणि वरून दिसावा म्हणून तर हॉलला पहिल्या मजल्यावर सज्जा काढलेला, पाहुणे त्या सज्ज्यात उभे राहून खाली बघणार. बाजूने बघितलं तर नुसता वाकडातिकडा काचेचा हौद. म्हणजे पोवळ्याला वरून उजेड पाहिजे आणि आप्पासाहेबांना वरून महाराष्ट्र. दोन्ही एका वेळी होण्यासारखं नव्हतं.

"आसं करा," आप्पासाहेब म्हणाले होते, "बत्त्या काठानं लावा. सरहद्दीवर."

म्हणून सरहद्दीवर बत्त्या. सरळ ट्यूब आणि वाकडी सरहद्द... खानदेशावरून एक, पश्चिमेला एक — पुंजारामच्या कृपेने कोकण सरळच होतं — खाली सोलापूरकडून एक, आणि विदर्भाच्या डोक्यावर ही, मुकी. तळाशी उजेड पोचेपर्यंत त्याचं सरकारी योजनेसारखं व्हायचं. तेव्हा रोज सगळे घरी गेले की गोरक्ष आपलं झाकण महाराष्ट्रावर चढवायचा आणि सकाळी कुणी यायच्या आत उतरवून मागच्या व्हरांड्यात उभं करायचा. चोरी करावी तसं. का करत होतो मी हे? पोवळ्यांच्या प्रेमाने नव्हे. एवढ्या सगळ्या मूर्खांत एक तरी गोष्ट बरोबर चाललेली असावी आणि ती फक्त आपल्यालाच माहीत असावी, यात एक मजा असते, तेवढ्यासाठी.

कारण बाकी सगळं पहिल्यापासून चुकतच आलेलं. पाणीच घ्या. मुंबईला मळी घेऊन जाणारा कारखान्याचा टँकर परत मोकळा येतो, तो धुऊन समुद्राचं पाणी भरून आणायचं ठरलं, आणलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, गावातले आड खडखडीत, आणि टँकर वेशीत शिरला. दोन मिनिटांत हंडे-घागरींची रांग लागली. ड्रायव्हर ओरडतोय, "आगं, हे पिन्याचं न्हाई!" — पण जे पिण्याचं नसतं ते एवढ्या लांबून कोण आणील? गोरक्ष पुढे बसला होता. तोही काहीतरी म्हणाला, बहुधा 'सायंटिफिक' असं काहीतरी. साळूबाई म्हणून एक म्हातारी रांगेत पहिली होती. तिने नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला, थुंकली नाही — थुंकायलाही ओल लागते — नुसती त्याच्याकडे बघून म्हणाली,

"ह्यात मीठ कुनी घातलं रं?"

हे तो हॉस्टेलच्या मेसमध्ये बरेचदा सांगत असे. साळूबाईच्या आवाजात. पोरं हसून हसून ताटावर पडत. सांगताना तो एवढंच गाळायचा, की तिने हात अजून तसाच धरलेला होता, पुढे, रिकामा... आणि त्याची आई, चांगुणा, त्याच दिवसांत पाथर्डीकडे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. तिथेही टँकर येतो. तिथेही रांग असते. तू कायम झालास की मी खडी सोडते, ती म्हणाली होती. एवढंच बोलली होती, आणि हातोडी उचलली होती. तो जोक नव्हता, म्हणून तो कुणाला सांगितला नव्हता.

आणि गुजरातेतल्या ओख्याहून दुधाच्या कॅनमधून, रेल्वे आणि एस. टी. करत, हवा मारत मारत आणलेली पोवळी जेव्हा त्याने टाकीत मांडली — आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून सगळी नगर जिल्ह्यात, बाकी महाराष्ट्रात नुसती वाळू — तेव्हा आप्पासाहेब काठाशी वाकून पुष्कळ वेळ बघत राहिले होते.

"मास्तर, ही पवळी?"

"हो."

"ह्या तर शेनाच्या गवऱ्या दिसत्यात."

"जिवंत पोवळं तपकिरीच असतं, आप्पासाहेब."

आप्पासाहेबांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. बोटात मंगळासाठी घातलेली अंगठी, तिच्यात लालबुंद मणी. "हे पवळं. नगरच्या सराफानं दिलंय. आन् ते काय हाय? झाड हाय का जनावर?"

"तसं जनावर. पण आत झाडही असतं."

"मग ठरवा आदी," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "कॉलेज हाय हे."

...दुसरा स्टार्टर हवा. कॉलेजचं स्टोअर बंद. किल्ली ज्याच्याकडे होती तो मंडपाच्या दोऱ्या आवळत होता. गोरक्ष सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेला, खुर्चीवर चढला आणि त्यांच्या डोक्यावरच्या ट्यूबचा स्टार्टर काढून घेतला. खोली जराशी अंधारली. फारसा फरक पडला नाही. हलवून बघितला. खुळखुळला नाही. खिशात टाकून, लवकर पोचावं म्हणून तो इमारतीच्या मागून निघाला.

मागच्या आवारात साहेब येणार म्हणून जे जे करतात ते सगळं झालेलं होतं. वाटेच्या दोन्ही कडांना दगड मांडून ते गेरूने रंगवलेले, वर चुन्याचा पट्टा. कडुनिंबाच्या बुंध्यांना कमरेपर्यंत गेरू, वर चुन्याचा पट्टा. पाणी न मिळून मेलेल्या गुलमोहरालासुद्धा गेरू, वर पट्टा. एक कुत्रं सावलीत झोपलं होतं, ते कसं सुटलं देव जाणे. आणि पुढे, पायरीशी, पसरलेल्या गोणपाटावर दगडांची आणखी एक रास उन्हात वाळत होती. हे दगड जास्त लाल होते. चमकत होते. एकाला फांद्या होत्या.

त्याने तो फांद्यांचा दगड बराच वेळ बघितला.

म्हणजे असं की डोळ्यांना केव्हाच कळलं होतं, ओख्याच्या खडकावर गुडघाभर पाण्यात वाकून छिन्नीने सोडवताना याच फांदीने त्याचा अंगठा कापला होता, तो व्रण अजून — पण डोक्याला काही घाई नव्हती. डोकं त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होतं. प्रत्येकाला पट्टा होता. नीट, एका रुंदीचा.

"हात लावू नका सर, वलं हाय," कारभारी म्हणाला. कारभारी म्हणजे कॉलेजचा शिपाई. हातात ब्रश, कोपरापर्यंत लाल. "ह्येच ऱ्हायले हुते. प्राचार्य म्हनले, आवारातले झाडून सारे दगड रंगव, एक सुटता कामा न्हाई. तर मला आठिवलं, हौदातले ऱ्हायलेत."

सकाळी झाकण उतरवल्यापासून गोरक्षने विदर्भाच्या बत्तीखेरीज कुठे बघितलंच नव्हतं.

"आदी घासून घेतले. चिच लावून, काथ्यानं. लई बुळबुळीत शेवाळ हुतं वो त्याच्यावर, निघता निघंना." कारभारीने एक तुकडा दोन बोटांनी कौतुकाने फिरवला. "आन् पान्यात ऱ्हायाचेत म्हनून गेरू न्हाई लावला. फाटकाचा ऑइलपेंट उरला हुता, त्यो मारला. इचार केला जरा."

इचार केला! — आणि आता हसू यायला हवं होतं. सगळा मालमसाला हजर होता. इतका तयार, इतका बिनचूक विनोद त्याला स्वतःला सुचला नसता. मेसमध्ये निदान वर्षभर पुरला असता. 'विचार केला जरा' म्हणताना ब्रश कसा धरायचा तेही त्याने मनात बसवून घेतलं. रोज उतरवलेलं झाकण, रोज मोजलेलं पाणी, दुधाचे कॅन — सगळं एका वाक्यात बसत होतं. त्याने कारभारीकडे तुच्छतेने बघायचा प्रयत्न केला. कारभारी घामेजला होता आणि पट्टा सरळ आलाय का ते डोळे बारीक करून बघत होता.

तेवढ्यात धोंगडे आले. पांढरा बुशकोट, खिशाला गुलाब. त्यांनी गोणपाटाकडे बघितलं, गोरक्षकडे बघितलं, पुन्हा गोणपाटाकडे.

"अरे वा," ते म्हणाले. मग जवळ येऊन, हळू, "अहो, हे आता पोवळं दिसतंय! मी म्हणतच होतो, काहीतरी कमी आहे. हे तुम्ही आधी का नाही केलंत?"

"सुचलं नाही, सर."

"नम्रता सोडा. चला, मांडा लवकर. पाहुण्यांची गाडी मांडवगणपाशी आलीये, निरोप आलाय. आणि विदर्भ?"

"पेटेल."

"शाब्बास. आई येणार आहे का तुमची? यायला हवी होती. असे क्षण..." धोंगडे गुलाब सरळ करत मंडपाकडे गेले. असे क्षण म्हणजे कसे, ते राहूनच गेलं.

त्याने लाल पोवळी हॉलमध्ये नेली आणि नगर जिल्ह्यात मांडली. हो, मीच मांडली. ओली होती, बोटांना चिकटत होती, पाण्यात सोडताना प्रत्येकाभोवती तेलाचा एक पातळ इंद्रधनुष्यी तवंग सुटून वर यायचा आणि हवेच्या पंपाच्या धक्क्याने हळूहळू पूर्वेकडे सरकायचा. मेलेल्याला रंग काय आणि पाणी काय. सज्ज्यातून छानच दिसणार. वाळूत लालभडक ढीग, कडेने उजेड, वरून बघणाऱ्याला वाटेल नगर जिल्हा फुलांनी बहरलाय... एवढं झालं की विदर्भातला स्टार्टर बसवायचा, हात पुसायचे आणि कायम व्हायचं. त्यात काही अवघड नव्हतं. आयुष्यभर लोक असंच कायम होत आलेले आहेत.

तो विदर्भाकडे गेला. स्टँडवरची खाच खालच्या बाजूला होती; मघाशी ती उभ्यानेच चाचपून जमली होती, आता बोटं चिकट होती, म्हणून गुडघ्यावर बसावं लागलं. आणि बसल्यावर डोळे काचेच्या समोर आले, चांद्याच्या त्या दुमडलेल्या कोपऱ्यासमोर, जिथे दुपारीसुद्धा संध्याकाळ असायची.

कोपऱ्यात काहीतरी होतं.

लिंबाएवढा एक तुकडा. ओख्याहून आणताना एकाचा मोडला होता. दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून त्याने तो पहिल्याच दिवशी नजरेआड, इथे टाकून दिला होता आणि विसरला होता. कारभारीचा हात इथवर पोचला नव्हता. तुकडा पार फिकटला होता, तपकिरी जाऊन कसलासा दुधी रंग उरलेला... आणि त्या दुधी रंगावर सगळीकडून, केसाएवढे बारीक, पारदर्शक हात बाहेर आले होते. शेकडो. पाण्यात हलत होते. काही धरायला बघत होते आणि धरायला काही नव्हतं.

पुस्तकात होतं हे, परीक्षेत लिहिलंही होतं, पाच मार्कांना — अंधार झाला की पोवळं उघडतं. उजेडावर पोट भरेनासं झालं की अन्नासाठी हात बाहेर काढतं. पाच मार्कांना एवढंच पुरतं. त्यात असं कुठे होतं की इतके दिवस, मी उजेड-उजेड म्हणून बोंबलत असताना, रोज रात्री झाकण चढवताना, झाकण इथवर येत नव्हतं आणि हा इथे, माझ्याच फेकण्याने पडलेला, हात पसरून... कुणापुढे? वाळूपुढे. काचेपुढे. आता माझ्यापुढे.

हात अजून तसाच धरलेला होता, पुढे, रिकामा. ह्यात मीठ कुनी घातलं रं.

त्याने मान वळवून बघितलं. तवंग मराठवाडा ओलांडत होता. घाई नव्हती त्याला. पंप चालू होता तोवर इथवर यायचाच होता, आणि आला की हे हात कायमचे मिटणार. प्रयोगशाळेत एका कॅनमध्ये थोडं चांगलं पाणी अजून शिल्लक होतं, आणि खिडकी होती, खिडकीत ऊन. तुकडा ओंजळीत घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत पळत जायचं, बस्स. आणि जगला असता का? आठवडाभर, फार तर पावसाळ्यापर्यंत. पुढे पाणी कोण आणणार? लिंबाएवढ्या जनावरासाठी टँकर? मूर्खपणा. हा तर कारभारीच्या वरचा मूर्खपणा. त्याने निदान सांगितलेलं काम केलं होतं...

बाहेर ताशा कडाडला. मग सज्ज्यावर पावलं, पुष्कळ पावलं, खादीची सळसळ, अत्तर. गोरक्षने एक बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला, तुकड्याच्या खाली, अजून न लावता. दुसऱ्या हाताच्या मुठीत प्राचार्यांचा स्टार्टर होता. खाच डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर.

"हा बघा साहेब महाराष्ट्र," वरून आप्पासाहेबांचा आवाज आला, "आन् हे पवळं. जित्तं हाय. आमच्या मास्तरांनी जगिवलंय." कुणीतरी वा वा म्हणालं. "विदर्भात काय अंधार आहे का?" दुसऱ्या कुणीतरी, हसत, विचारलं, आणि सज्जाभर सगळे हसले; धोंगड्यांचं हसू त्यात वेगळं, घाबरलेलं, ऐकू आलं.

"मास्तर!" आप्पासाहेब ओरडले. "चांद्याला काय करताय? बत्ती लावा की!"

वर बघितलं असतं तर कठड्यावर एका रांगेत टोप्या दिसल्या असत्या, आणि त्यांना खाली, महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकाला गुडघे टेकून बसलेला एक माणूस. कोपरापर्यंत आत, बुशशर्टावर लाल डाग. किती विनोदी चित्र. त्याने आतल्या आत नेहमीच्या जागी चाचपून बघितलं — जिथून हसू यायचं, जिथे सगळ्यांच्या नकला तयार असायच्या, आप्पासाहेबांची, धोंगड्यांची, साळूबाईची... काही हाती लागेना. तिथे फक्त भीती होती. आणि भीतीसुद्धा वरच्या टोप्यांची नव्हे. पाण्यातला हात थरथरत होता, त्याने पाणी हलत होतं, आणि आपल्या थरथरण्याने ते हात आत जातील, मिटतील, याची भीती... त्याने श्वास रोखला. त्याला वाटलं, आयुष्यात आपण कशाशी इतके जपून कधी वागलोच नाही.

"मास्तर, आवो मास्तर!"

मुठीतला स्टार्टर घामाने ओला झाला होता. तवंगाची पहिली रेघ, निळी-जांभळी, सुंदरच म्हणायची, वऱ्हाडात शिरली.